मामाने सांगितलेली तीन लक्षणे

वाचकाचे पत्र (संक्षेपाने): "माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, पाचवीत शिकतो. आम्ही नंदनवन भागात राहतो. चौथ्या वर्षापासून त्याचे अंथरूण कोरडे राहत होते, पण गेल्या दीड वर्षापासून आठवड्यातून दोन-तीनदा तो पुन्हा गादी ओली करतो. मागच्या दिवाळीत वस्तीतल्या मोठ्या मुलांच्या सोबतीने त्याने एका कुत्र्याच्या शेपटीला फटाक्यांची लड बांधली. तेव्हापासून तो त्या गल्लीतून जात नाही, लांबच्या रस्त्याने येतो, म्हणजे लपवाछपवीही शिकला. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने गच्चीवर कागदाचा बडग्या, म्हणजे पुतळा, करून जाळला आणि दोरीवर वाळत घातलेली ओढणी करपली. (ह्यांचा स्वभाव तापट आहे. गादी ओली दिसली की हात उचलतात, पण पोराच्या भल्यासाठीच.) माझा भाऊ गुन्ह्यांवरच्या मालिका नेहमी पाहतो. त्याने जेवताना सगळ्यांसमोर सांगितले की खुनी लोकांच्या लहानपणी हीच तीन लक्षणे असतात आणि अमेरिकेचे पोलिस त्यावरून माणूस ओळखतात. सासूबाई म्हणतात, हे रक्तातच असते. नागपुरात कुणी फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट असेल तर मुलाचे प्रोफाइल काढून घ्यावे का? मेंदूच्या तपासणीत काही कळते का?" – एक आई, नागपूर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तुमच्या भावाच्या म्हणण्याला जेवढी जागा मिळाली आहे, तेवढी मुलाच्या म्हणण्याला मिळालेली नाही. यातल्या एकाही गोष्टीबद्दल तो स्वतः काय म्हणाला, हे पत्रात कुठेच नाही. तिकडे मी शेवटी येते. आधी तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देते: मुलाचे प्रोफाइल काढून घेऊ नका, कारण दहा वर्षांच्या मुलाचे 'गुन्हेगारी प्रोफाइल' अशी वस्तू या शास्त्रात नाही आणि जो कोणी पैसे घेऊन ती काढून द्यायला तयार होईल, त्याच्याकडे मुलाला पाठवणे हाच खरा धोका आहे.

तुमच्या भावाने सांगितलेली तीन लक्षणे, म्हणजे अंथरूण ओले करणे, आग लावणे आणि प्राण्यांशी क्रूरपणे वागणे, ही त्याने मनाने रचलेली नाहीत. १९६३ साली जॉन मॅकडोनल्ड या मनोविकारतज्ज्ञाने अमेरिकेत डेन्व्हर येथील रुग्णालयातल्या शंभर रुग्णांविषयी एक लेख लिहिला, त्यातून ही तिकडी प्रसिद्ध झाली. मालिकांमध्ये न सांगितली जाणारी गोष्ट अशी की हे शंभर जण खुनी नव्हते, कुणाला तरी ठार मारण्याची धमकी दिलेले रुग्ण होते, आणि त्यांतल्या अतिशय निर्दय वाटलेल्या काहींच्या बालपणात या गोष्टी आढळल्याचे त्या डॉक्टरांचे निरीक्षण होते. ते निरीक्षणच होते, कसोटी नव्हती. पुढे एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेच्या अधिकाऱ्यांनी तुरुंगातल्या ३६ खुन्यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्याही बालपणात अशा गोष्टी सापडल्याने तिकडीला पोलिसी वजन आले. मात्र ज्यांनी आयुष्यात कुणाला बोटही लावले नाही अशा लोकांचे बालपण त्यांच्या शेजारी ठेवून पाहिले गेले नाही. ज्या दवाखान्यात फक्त तापाचेच रुग्ण येतात तिथे बसून 'सगळ्यांच्या घरी चहा होतो, म्हणून चहाने ताप येतो' असे म्हणण्यासारखे ते आहे.

या विषयातला जो अभ्यास मी पालकांना आवर्जून सांगते तो ली रॉबिन्स या संशोधिकेचा आहे. सेंट लुईस शहरात मुलांसाठीच्या मार्गदर्शन केंद्रात आणलेल्या ५२४ मुलांचा तिने सुमारे तीस वर्षांनी, ती मोठी झाल्यावर, शोध घेतला आणि तुलनेसाठी त्याच भागातली शंभर साधी मुलेही घेतली. तिचे निष्कर्ष १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. समाजविघातक वागणाऱ्या प्रौढांचे बालपण तपासले तर ते जवळजवळ नेहमीच बिघडलेले दिसते, हे तिला आढळले. पण बालपणी तसे वागणारी बहुसंख्य मुले मोठेपणी तशी होत नाहीत, हेही तिलाच आढळले. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत आणि तुमच्या भावाने त्यांतले पहिलेच ऐकलेले आहे. खुन्यापासून मागे चालत गेले की त्याचे बालपण सापडते. बालपणापासून पुढे चालत गेले की हजार वाटा फुटतात आणि त्यांतल्या बहुतेक नोकरी, लग्न, घराचे हप्ते अशा ठिकाणी पोचतात.

हिशोबाने पाहायचे तर केवळ समजण्यापुरते आकडे घेऊ. समजा एखाद्या शहरात तुमच्या मुलाच्या वयाची वीस हजार मुले आहेत आणि त्यांतला एकच मुलगा पुढे खुनी होणार आहे. समजा, तुमच्या भावाची तीन लक्षणे त्या एका मुलात नक्की दिसतात आणि बाकीच्यांपैकी शंभरात फक्त एकातच दिसतात, म्हणजे ही चाचणी कोणत्याही खऱ्या मानसशास्त्रीय चाचणीपेक्षा कितीतरी उत्तम आहे. तरीही लक्षणे दिसणारी मुले दोनशेच्या वर भरतील आणि त्यांत खुनी एकच असेल. उरलेल्या दोनशे घरांत आयांची झोप उडेल ती विनाकारण.

आता प्रोफाइल म्हणजे काय ते सांगते, कारण या शब्दाभोवती फार धूर जमला आहे. गुन्हा घडून गेलेला असतो, करणारा अज्ञात असतो आणि घटनास्थळ, बळीची निवड, वेळ, पद्धत यांवरून करणाऱ्याचे वय, परिसर, सवयी यांबद्दल तपास अधिकाऱ्याला अंदाज पुरवले जातात, जेणेकरून शेकडो संशयितांत आधी कुणाकडे पाहावे हे ठरवता येईल. एवढेच त्याचे काम. न्यूयॉर्कमध्ये १९४० ते १९५६ या काळात बॉम्ब ठेवणाऱ्या जॉर्ज मेटेस्कीचे उदाहरण नेहमी दिले जाते. जेम्स ब्रसेल या मनोविकारतज्ज्ञाने तो दुहेरी बटणांचा कोट घालील असे भाकीत केले आणि अटकेनंतर त्याने खरोखरच तसा कोट घातला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. तो सापडला मात्र कोटामुळे नव्हे. वीज कंपनीतल्या एका महिला कर्मचाऱ्याने जुन्या नुकसानभरपाईच्या फायली चाळल्या आणि त्यांत एका जखमी कामगाराच्या संतापलेल्या पत्रांत बॉम्बवाल्याच्या चिठ्ठ्यांसारखी भाषा आढळली, म्हणून तो सापडला. अशा कारकुनी चिकाटीवर मालिका निघत नाहीत.

प्रोफाइल बरोबर आहे असे वाटणे आणि ते बरोबर असणे, यांत अंतर असते. ब्रिटनमध्ये लॉरेन्स ॲलिसन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पोलिस अधिकाऱ्यांना एकच प्रोफाइल वाचायला दिले. अर्ध्यांना खऱ्या गुन्हेगाराचे वर्णन दाखवले आणि अर्ध्यांना बनावट, अगदी वेगळ्या माणसाचे. दोन्ही गटांतल्या बहुतेकांना प्रोफाइल बऱ्यापैकी जुळते असे वाटले. वर्तमानपत्रातले राशिभविष्य आपल्यालाच उद्देशून लिहिल्यासारखे वाटते, त्यातला हा प्रकार आहे. भावाच्या तीन लक्षणांत तुमचा मुलगा चपखल बसला तो याच रीतीने.

चुकलेल्या प्रोफाइलची किंमत काय असते, तेही सांगायला हवे. १९९२ मध्ये लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर एका तरुण आईचा तिच्या दोन वर्षांच्या मुलादेखत खून झाला. मानसशास्त्रज्ञाने केलेल्या वर्णनात एक माणूस बसतो असे पोलिसांना वाटले, त्याला बोलते करण्यासाठी एका महिला अधिकाऱ्याला ओळख लपवून त्याच्याशी मैत्री करायला लावले गेले आणि १९९४ मध्ये न्यायाधीशांनी तो सगळा पुरावा फेटाळून लावला. तो माणूस निर्दोष होता. खरा गुन्हेगार डीएनएमुळे ओळखला गेला आणि २००८ मध्ये त्याने कबुली दिली, पण पोलिसांची नजर चुकीच्या माणसावर खिळलेली असताना, १९९३ मध्ये, त्याने आणखी एका आईचा आणि तिच्या चिमुकल्या मुलीचा जीव घेतला होता.

आणि दूर जायची गरजही नाही. माणूस काय करील हे त्याने काही करण्याआधीच ठरवून टाकण्याचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्याच मातीत झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्ह्याचा दाखला जोडला. पारध्यांसारख्या जमातींतले मूल पाळण्यातच संशयित ठरत होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात, पण विदर्भातल्या कुठल्याही पारधी बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जाऊन विचारा, चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठे येते. सासूबाईंचे 'रक्तातच असते' हे वाक्य त्या कायद्याचेच घरगुती रूप आहे, हे त्यांना न दुखावता सांगता आले तर सांगा. रक्ताबद्दल शास्त्र काय म्हणते, असे त्यांनी विचारले तर न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहराचे उदाहरण देता येईल. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा जन्मापासून पाठपुरावा चालू आहे. त्यांतल्या मुलग्यांविषयी २००२ मध्ये असे आढळले की एका विशिष्ट जनुकाचा कमी क्रियाशील प्रकार आणि पुढे हिंसक होणे यांचा संबंध प्रामुख्याने लहानपणी छळ झालेल्या मुलांत दिसतो. जनुक तेच, पण घर धड असेल तर त्याचा परिणाम फारसा दिसत नाही.

आता तुमचे पत्र मी माझ्या पद्धतीने वाचते. बाल न्याय मंडळासाठी मुलांचे अहवाल लिहिताना लागलेली ही सवय आहे: जे ठळक लिहिले आहे ते नंतर वाचायचे आणि जे कंसात आहे ते आधी.

तुमच्या पत्रातला कंस वडिलांच्या हाताचा आहे. मुलाचे अंथरूण चार-पाच वर्षे कोरडे होते आणि मग पुन्हा ओले होऊ लागले, हा तपशील सगळ्यांत महत्त्वाचा आहे. ज्या मुलाचे अंथरूण जन्मापासून कधीच सलग कोरडे राहिले नाही त्याची गोष्ट वेगळी असते. मूत्राशय आणि झोप यांचा मेळ उशिरा बसतो, घराण्यात असते, वयाबरोबर जाते, आणि सातव्या वर्षीही दहा ते वीस मुलांमागे एकाला हा त्रास असतो. सहा महिन्यांहून अधिक काळ कोरडे राहिल्यावर तो पुन्हा सुरू झाला, तर डॉक्टर दोन दिशांनी विचार करतात. एक दिशा शरीराची: मूत्रमार्गाचा संसर्ग, जुना मलावरोध, मधुमेह. दुसरी ताणाची: दीड वर्षापूर्वी काय बदलले? शाळा, शाळेची व्हॅन, शिकवणी, घरातले एखादे आजारपण, वडिलांचे काम? कुणी मोठा मुलगा किंवा मोठा माणूस त्याला एकट्याला गाठून त्रास देत आहे का, हाही प्रश्न यात येतो. तो उलटतपासणीसारखा विचारू नका, पण मनातून काढूनही टाकू नका. यातले काहीही असले तरी गादी ओली झाल्याबद्दल मार देणे म्हणजे ताप आल्याबद्दल मार देणे होय. ओलेपणा त्याच्या हातात नाही आणि भीतीने झोप आणखी बिघडते. तुमचे यजमान मुलाच्या भल्यासाठीच हात उचलतात, हे मी खोटे मानत नाही. पण ड्युनेडिनच्या ज्या अभ्यासाचा मी उल्लेख केला, त्यात मुलांना ज्या गोष्टी पुढे भोवल्या त्यांत घरातली कठोर शिक्षाही धरलेली होती.

कुत्र्याची गोष्ट मी हलकी करणार नाही. मुक्या जीवाच्या शेपटीला फटाके बांधणे ही क्रूरता आहे आणि तसे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. पण त्यातले दोन तपशील तुम्ही उलटे वाचले आहेत. तो एकटा नव्हता, मोठ्या मुलांबरोबर होता. लहान वयातली बरीच वाईट कृत्ये टोळक्याने होतात आणि त्यांत मागे राहिलो तर हसतील हीच भीती मोठी असते. दुसरे, तेव्हापासून तो त्या गल्लीतून जात नाही. तुम्ही याला लपवाछपवी म्हणता. ज्याला केल्याची मजा वाटली तो मुलगा त्याच गल्लीत पुन्हा जातो, कुत्रा सापडतो का ते पाहायला. लांबचा रस्ता घेणाऱ्याला बहुधा लाज वाटत असते किंवा अपराधी वाटत असते. आम्ही चिंताजनक मुलांत जे शोधतो ते नेमके याच्या उलट असते: दुसऱ्याच्या वेदनेचे काहीच न वाटणे.

आणि बडग्या! तिसरे लक्षण वाचताना मला क्षणभर हसू आले, क्षमा असावी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, सगळे शहर 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत रस्त्यावर येते आणि शेवटी तिचे दहन होते. त्या दिवशी नागपुरातल्या दहा वर्षांच्या मुलाने गच्चीवर कागदाचा बडग्या जाळला, तर त्याला आग लावण्याची विकृती म्हणण्यासाठी माणूस नागपूरबाहेरचाच असावा लागतो. तुमचे बंधू इथलेच असतील तर त्यांनीही लहानपणी एखादा जाळला असेल. दोरीखाली, कुणी मोठे जवळ नसताना आग लावली, ही मात्र निष्काळजी चूक आहे. तिच्याबद्दल बोलणी बसावीत, बादलीभर पाणी शेजारी ठेवायला शिकवावे, आणि विषय संपवावा. परदेशी यादीत 'आग' हा शब्द आहे एवढ्यावरून आपल्या मुलाला त्या यादीत घालू नये.

मेंदूच्या तपासणीबद्दल थोडक्यात. नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या गुन्ह्याच्या तपासात वापरल्या गेलेल्या चाचण्या आहेत आणि संमतीशिवाय त्या कुणावरही करता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला आहे. त्या घडून गेलेल्या गोष्टीविषयी असतात आणि त्याविषयीही त्यांची विश्वासार्हता वादग्रस्त आहे. पुढे घडणाऱ्या गोष्टीविषयी त्यांतली एकही काही सांगत नाही. न्यायसहायक (फॉरेन्सिक) मानसशास्त्राचे न्यायालयातले खरे काम निराळेच असते: कृत्याच्या वेळी आरोपीला आपण काय करत आहोत हे कळत होते का, किंवा घोर गुन्ह्याचा आरोप असलेल्या सोळा ते अठरा वयाच्या मुलाची समज किती आहे. दहा वर्षांच्या मुलाबाबत कायदाच सबुरीने वागतो. सात वर्षांखालच्या मुलाचे कृत्य गुन्हाच मानत नाहीत आणि सात ते बारा या वयात त्याची समज पुरेशी पिकली होती का, हे आधी पाहतात. समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचे निदान तर अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी करताच येत नाही. मुलांसाठी वर्तनविकार असे एक निदान आहे, पण त्यालाही पंधरांपैकी किमान तीन वर्तने वर्षभरात दिसावी लागतात. मारामारी, शस्त्र, चोरी, घरातून पळणे अशी ती यादी आहे आणि अंथरूण ओले करणे तिच्यात नाही.

काय करावे, तर या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि लघवी, रक्तातली साखर आणि पोट साफ होते की नाही, एवढे तपासून घ्या. त्यात काही निघाले नाही तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात, किंवा मिहानमधल्या एम्समध्ये, मुलासह दोघांनी जा. दोघांनी म्हणजे यजमानांनीही, कारण तिथे प्रश्न घराचे विचारले जातील. खासगी मानसशास्त्रज्ञाकडे जायचे असेल तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारा. घरी बोलायला धीर होत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. मुलाला कुणी त्रास देत असल्याचे कळले तर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक लक्षात ठेवा.

यजमानांशी भांडणाच्या सुरात बोलू नका. हे पत्र त्यांना वाचायला दिले तरी चालेल. भावाला मात्र स्पष्ट सांगा की मुलासमोर तो विषय पुन्हा निघता कामा नये. तुम्ही त्याच्या वाक्याने हादरलात, पण ते वाक्य जेवताना तुमच्या शेजारी बसून मुलानेही ऐकले आहे. दहा वर्षांच्या मुलाला मामाने 'खुनी होणार' म्हटले तर तो ते चेष्टेवारी नेत नाही.

उद्या हा मुलगा लहान भावंडांना किंवा प्राण्यांना एकट्याने, ठरवून, पुन्हापुन्हा इजा करू लागला, त्यात त्याला मजा वाटते असे दिसले, किंवा तो चाकू जवळ बाळगू लागला, तर मी वेगळ्या स्वरात लिहीन आणि आठवडाभर थांबायलाही सांगणार नाही. तुमच्या पत्रात तसे काही नाही.

शेवटी एक राहिले. त्या कुत्र्याचे पुढे काय झाले, हे तुम्ही लिहिलेले नाही. मुलाला विचारा, आणि तो बोलू लागला की मध्ये काही बोलू नका. बोलून झाले की त्याला म्हणा, चल, त्या गल्लीतून जाऊन येऊ, सोबत मी आहे. हातात पोळीचा तुकडा घेतला तर बरे.